दोन झाकणं सकाळ, दोन झाकणं संध्याकाळ

नवा बूट चावला. उजव्या टाचेला फोड आला, फुटला, म्हणून इथे इंदुरात घराजवळच्या मेडिकलवर चार पट्ट्या आणायला गेलो. परत आलो तेव्हा हातात टॉनिकची बाटली होती, खिशातून ३८५ रुपये गेले होते आणि पट्ट्या राहून गेल्या होत्या. हे लिहितोय तेव्हाही टाचेला रुमालच बांधलेला आहे.

याला जबाबदार स्टुलावरचे काका.

मेडिकलवर एक स्टूल असतं आणि त्यावर एक काका असतात. ते मालक नसतात, गिऱ्हाईकही नसतात. पेपर दुकानाचा, चहा दुकानाचा, पंखा दुकानाचा. सल्ला तेवढा स्वतःचा.

"काय रे, लंगडून राहिलास?"

"काही नाही काका, बूट चावला."

"बूट सगळ्यांनाच चावतो. अंगात दम नसला की लागतो. डोळे दाखव."

मी दाखवले. का दाखवले ते मला अजून उमगलेलं नाही. घराचे हप्ते फेडणारा, दोन पोरांचा बाप मी, भर दुकानात पापणी खाली ओढून उभा राहिलो.

"पिवळट. जीभ?"

जीभही दाखवली.

"वय किती?"

"एक्केचाळीस."

"वाटत नाही."

मी खूश होणार, तेवढ्यात म्हणाले, "मी बावन्न-त्रेपन्न धरून चाललो होतो."

एव्हाना माझ्यामागे चार माणसं जमली होती. त्यांत तिसऱ्या होत्या माझ्या मुलीच्या गणिताच्या मॅडम.

"पोट साफ होतं का?" काकांचा आवाज असा, की पलीकडच्या पानवाल्यानेही उत्तरासाठी मान वर केली.

"होतं, होतं."

"एकदा की दोनदा?"

"काका, मला फक्त पट्ट्या—"

"लाजतोस काय? सगळे घरचेच आहेत इथे."

घरच्या मॅडम डायपरच्या जाहिरातीकडे अशा बघत होत्या, जणू तिथे एखादं प्रमेय सोडवून ठेवलंय.

"जेवण?"

"जातं."

"काय जातं? सकाळी पोहे-जिलबी, दुपारी कचोरी, रात्री अकराला सराफ्यात तळलेला गराडूचा कंद. ते पोटात जातं बेटा, अंगाला लागत नाही." मग दुकानातल्या पोऱ्याला, "ती वरची काढ. हौ, लालवाली. दोन झाकणं सकाळ, दोन झाकणं संध्याकाळ. महिन्यात घोडा होतो की नाही बघ."

"पण हे आहे कशावर?"

"कशावर म्हणजे? सगळ्यावर!"

रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांना फरक पडला होता बाई." मागून कोणी ओरडलं, "भिया, जल्दी करो ना." पोऱ्याने बाटली पिशवीत घातलीसुद्धा. मी पैसे दिले. तब्येतीसाठी नाही, काकांचा पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून.

घरी येऊन लेबल वाचलं. थकवा, अशक्तपणा, निरुत्साह, मंदावलेली भूक. इंदुरात भूक वाढवायचं औषध विकणं म्हणजे राजवाड्यासमोर गर्दी वाढवायचं औषध विकणं. मिळणार काय, तर स्फूर्ती, जोम आणि तजेला. ही शब्दांची निवड उगाच नाही. १९५४ पासून आपल्याकडे औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर कायदा आहे. मधुमेह, लठ्ठपणा, उंची असल्या गोष्टी बऱ्या करण्याचा किंवा वाढवण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. तजेल्याचं मात्र कुणी काही म्हणत नाही. साखर मोजता येते, हिमोग्लोबिन मोजता येतं. तजेला किती आला, हे सांगणारी पॅथॉलॉजी मला दाखवा.

तळाशी बारीक अक्षरात स्वनिर्मित मद्यार्काचाही उल्लेख होता. तेव्हा आजी आठवली. चहातसुद्धा आलं जास्त झालं तर "तामसी" म्हणणारी माझी आजी रोज संध्याकाळी तेवढंच पाणी घालून द्राक्षासव घ्यायची. आसव-अरिष्टं आंबवूनच होतात, गूळ आणि धायटीची फुलं घालून, आणि त्यांत साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क आपोआप तयार होतो. बिअरपेक्षा कमी नाही. आजीला संध्याकाळी फार बरं वाटायचं, एवढं खरं.

रात्री झोप येईना (घोडे उभ्यानेच झोपतात म्हणे), म्हणून मोबाईलवर या धंद्याचं मूळ शोधत बसलो. 'पेटंट औषध' म्हणवणाऱ्या बहुतेक औषधांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर बाटलीत काय आहे ते सांगावं लागतं, आणि तेच तर सांगायचं नव्हतं! कोका-कोलासुद्धा १८८६ साली टॉनिक म्हणूनच निघालं. अमेरिकेत हॅडाकॉल नावाचं एक टॉनिक होतं, १२ टक्के अल्कोहोलचं. काढणारा लुईझियानाचा राजकारणी, डडली लेब्लँक. हे कशाला चांगलं, असं विचारल्यावर तो म्हणाला म्हणतात, मला तर गेल्या वर्षी ५५ लाख डॉलर कमवायला चांगलं ठरलं. निदान तो खरं बोलला. आमचे काका तर फुकटात करतात सगळं, हे जास्त संतापजनक आहे.

सकाळी दोन झाकणं घेऊन पाहिली. जिलबीचा उरलेला पाक. बाटली परत द्यायला गेलो तर पोऱ्या म्हणाला, "भिया, सील तुटलंय." बरोबर आहे त्याचं.

आणि थकवा आहेच की हो! दहा तास खुर्ची, येता-जाता ट्रॅफिक, रात्री एकपर्यंत मोबाईल. मागच्या महिन्यात हे सांगायला डॉक्टरकडे गेलो होतो. पाचशे रुपये, तीन मिनिटं, आणि तीनही मिनिटं ते कॉम्प्युटरकडे बघून बोलले. माझ्या डोळ्यांत वाकून बघितलं ते फक्त त्या स्टुलावरच्या माणसाने. चीड येते ती त्याचीच.

शनिवारी शाळेत पालकसभा आहे. बायकोला म्हटलं, या वेळी तू जा.

ती म्हणाली, "का? पोट बरं नाही का? मॅडम विचारत होत्या."