बिल्डरने फायर एनओसी घेतली म्हणजे काम संपलं? अजिबात नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की बिल्डरने फायर एनओसी, म्हणजे अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र, घेतली असेल तर सोसायटीला पुढे काही करावं लागत नाही, हे साफ चुकीचंय. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यात जबाबदारी मालक आणि राहणाऱ्यांवरच टाकलीये, आणि फायर सिस्टीम चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घेऊन अग्निशमन दलाला द्यावा लागतो. आणि प्लीज एजन्सीवाल्याला नुसती सही करून जाऊ देऊ नका, आग विझवायचा पंप समोर चालू करायला लावा, सगळ्यात वरच्या मजल्यावर होज (आग विझवायचा पाइप) उघडून पाणी प्रेशरने येतंय का बघा, कितीतरी ठिकाणी पंप ऑटो मोडवरून काढून ठेवलेला असतो, म्हणजे तो आपोआप सुरूच होत नाही. आणि आगीत बाहेर पडायची वाट अडू नये म्हणून जिन्यातली चपलांची कपाटंही आजच हलवा.