"चाळीस रुपयांच्या स्विचचे सोळाशे पन्नास घेतले": या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. स्लॉट मशीनच्या (नाणं टाकून खेळायच्या जुगाराच्या मशीनच्या) चाळीस रुपयांच्या स्विचचे 1,650 रुपये घेतले, मशीन आठवडाभर अडकवली, नव्या स्विचचा दिवा मिणमिणतो, आणि "मशीन जरा सढळ हाताने नाणी सोडेल असं करून द्या" म्हटलं तर आम्ही ऐकलं नाही. अशी मशीन अमेरिकेतून घरी आणणारे इंदुरात तुम्ही एकटेच नसाल, म्हणून सविस्तर लिहितो.

पैशांचं आधी. तुम्ही मशीन आणली तेव्हा तक्रार एवढीच होती की स्विच कधी लागतो, कधी लागत नाही. दार उघडलं तर मूळचा स्विच आधीच कोणीतरी काढून टाकलेला. त्याच्या जागी घरच्या बोर्डावर असतो तसला पाच अँपिअरचा स्विच, काळ्या टेपने गुंडाळून बसवलेला. तो गेला याचं नवल नाही. आतला ट्रान्सफॉर्मर चालू होताना पहिल्या क्षणाला नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, दर वेळी ठिणगी पडते आणि पॉइंट जळत जातात.

खरी भानगड पुढे आहे. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत काळी असते फेज आणि पांढरी न्यूट्रल. ज्याने आधी हात लावला त्याने काळी न्यूट्रल समजून सोडून दिली आणि स्विच पांढऱ्या वायरीत टाकला. म्हणजे स्विच बंद केला की दिवे विझायचे, रिळं थांबायची, आणि आत करंट तसाच उभा. स्विच बंद असताना आम्ही टेस्टर लावला तर तो पेटला. आणि नाणी अडकली की मुलं स्विच बंद करून, दार उघडून थेट हॉपरमध्ये, म्हणजे नाणी साठवून बाहेर सोडणाऱ्या आतल्या डब्यात, हात घालतात, हे काउंटरवर हसत हसत तुम्हीच सांगितलं होतं. कॅबिनेट पूर्ण लोखंडी, शिवाय अर्थिंग नाही, कारण तुमच्या स्टेपडाउनच्या (आपले 230 व्होल्ट अमेरिकन मशीनसाठी 110 करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) बाहेरच्या बाजूला दोनच पिनांचं सॉकेट आहे.

तो स्टेपडाउनही ऑटो प्रकारचा आहे. त्यात 230 ची बाजू आणि 110 ची बाजू एकमेकींपासून तुटलेल्या नसतात, एक वायर दोघींना सामाईक असते. भिंतीतल्या सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले, आणि जुन्या वाड्यांत ते हमखास सापडतात, तर जिला आपण न्यूट्रल म्हणतो तीच वायर 230 वर जाऊन बसते. मग एकाच वायरीतला स्विच, तो काळीत टाका की पांढरीत, उपयोगाचा नाही. म्हणून दोन्ही वायरी एकदम तोडणारा डबल पोल, 16 अँपिअरचा रॉकर स्विच बसवला. महाराणी रोडवरून आणला, बिलात त्याचे 90 रुपये वेगळे लिहिले आहेत. बाकीचे पैसे तीन कोअरची नवी केबल, फ्यूज, वायरींच्या टोकांना नीट दाबलेली थिंबलं, भिंतीच्या पिनेपासून कॅबिनेटपर्यंत वेगळी ओढलेली अर्थची वायर आणि मजुरी यांचे. शेवटी मशीन सीरीज बल्बवर, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून, टाकून पाहिली, मगच सरळ लाइन दिली. फक्त स्विच बदलून चाळीस रुपयांत मशीन परत देता आली असती, पण तसं काम मी करत नाही.

आठवडा लागला कारण अनंत चतुर्दशी तोंडावर होती. आमची दोन्ही मुलं रात्र-रात्र झांक्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या, लाइटिंगवर असतात, मशीन ठेवून घेतानाच हे सांगितलं होतं.

दिव्याबद्दल: हे स्विच 230 साठी बनतात आणि त्यातल्या निऑनच्या मागचा रेझिस्टर त्याच हिशोबाचा असतो. 110 वर तो मिणमिणणारच. स्विचच्या कामाशी त्याचा संबंध नाही. खटकत असेल तर बिल घेऊन या, बिनदिव्याचा बसवून देतो, मजुरी लागणार नाही.

नाणी सढळ सोडण्याचं म्हणाल तर ते स्विचमधून किंवा एखाद्या स्क्रूमधून होत नाही. किती परत द्यायचं हे चिपमधल्या प्रोग्रॅममध्ये ठरलेलं असतं, आणि तिला मी हात लावत नाही. नाणी न पडण्याचं एक साधं कारण मात्र सापडलं. मशीन अमेरिकन क्वार्टरची, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्याची, ते नाणं 24.26 मिलिमीटरचं. तोंडाशी अडकलेलं होतं आपलं दोन रुपयांचं, 25 मिलिमीटरचं. ते बिलासोबत पाकिटात घालून दिलं आहे, पाहिलं नसेल तर पाहा.

एक गोष्ट बिलावर लिहिली होती, पुन्हा सांगतो. स्टेपडाउन व्होल्ट कमी करतो, सायकल, म्हणजे करंट सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतो ते (हर्ट्झ), बदलत नाही. मशीनमधला ट्रान्सफॉर्मर 60 सायकलसाठी बनलेला आहे, आपल्या 50 वर तो जास्त तापतो. म्हणून रात्रभर चालू ठेवू नका. आणि घरच्या त्या सॉकेटला अर्थिंग खरंच येतं का, हे एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आम्ही ओढलेली वायर तिथपर्यंतच जाते. तोवर हॉपरमध्ये हात घालायचा तर आधी भिंतीतला प्लग काढायचा, हे मुलांना सांगा.