"साहेबांनी निधी आणला" वाल्या मेसेजला माझं उत्तर

गेले आठ-दहा दिवस ठाण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा, की आमच्या साहेबांनी स्वतःच्या निधीतून एवढी कामं केली, वरून कोट्यवधी खेचून आणले, विरोधक नुसते उधळपट्टी-उधळपट्टी ओरडतात आणि चालू कामं अडवतात, तेव्हा निधी हवा असेल तर सत्तेच्या माणसाबरोबर राहा, आणि हे जगात सगळीकडे असंच चालतं. माझी बहीण ऐरोलीला राहते, तिला पण हाच मेसेज आला, शब्दन् शब्द तोच, फक्त साहेबांचं नाव वेगळं आणि पक्षही वेगळा. म्हणून मी कुणाचंच नाव घेत नाही, मेसेजमधल्या एकेका मुद्द्याबद्दल बोलतो.

सुरुवातीलाच "स्वतःच्या निधीतून". आमदाराचा स्वतःचा निधी नावाची गोष्टच नाहीये हो. स्थानिक विकास कार्यक्रमातून प्रत्येक आमदाराला वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात. सुचवता येतात, बस. मंजुरी जिल्हाधिकारी देतात, पैसे नियोजन कार्यालयातून जातात आणि ते राज्याच्या तिजोरीतले असतात, म्हणजे तुम्ही पेट्रोल भरताना, साबण घेताना, फ्लॅटची स्टॅम्प ड्युटी भरताना दिलेले. विधानसभेचे 288 आणि विधान परिषदेचे 78 असे 366 आमदार धरले तर वर्षाला 1,830 कोटी होतात. खासदारांचंही तसंच, 1993 ला ती योजना आली आणि 2011-12 पासून वर्षाला 5 कोटी मिळतात. खासदार निधीच्या कामावर फलक लावायचा नियम आहे हे खरंय, पण त्यावर खर्च किती, काम कधी सुरू झालं, कधी संपलं हे पण लिहायचं असतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो बोर्ड आहे त्यावर फोटो चार आणि आकडा एकही नाही. मध्ये पक्ष बदलला तेव्हा बोर्ड नवीन आला, खालचे पेव्हर ब्लॉक मात्र तेच, अर्धे बसलेले, पावसाळ्यात आईला तिथून हात धरून न्यावं लागतं.

आता "विरोधक उधळपट्टी म्हणून ओरडतात". ओरडतात ना, पण कोण, कधी आणि कुठल्या खुर्चीवरून ते बघा, कारण मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आहे. आमदार निधी 2020 ला 2 चे 3 कोटी झाला, 2021 ला 4 आणि 2022 ला 5. कोरोनाची वर्षं होती ती, तिजोरीत खडखडाट आहे असं सरकार स्वतः सांगत होतं. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार फुटले तेव्हा त्यांची एक मोठी तक्रार हीच होती की अर्थखातं अजित पवारांकडे आहे आणि निधी राष्ट्रवादीवाल्यांनाच जातो, आम्हाला नाही. ठीक, तक्रार खरी असेल. पण सरकार बदलल्याबरोबर जुलैमध्ये काय केलं, तर आधीच्या सरकारने एप्रिल 2021 नंतर मंजूर केलेली, सुरू न झालेली कामं स्थगित केली. त्यावर लोकांना हायकोर्टात जावं लागलं. आणि बरोबर एका वर्षाने, जुलै 2023 ला, तेच अजित पवार त्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले आणि अर्थखातं परत त्यांच्याकडेच आलं. ज्या निधीवाटपामुळे सरकार पडलं म्हणून सांगितलं, ते वाटप करणाऱ्यांच्या शेजारी बसायला मग कुणालाच अडचण आली नाही. आणि तिकडचे, म्हणजे महाविकास आघाडीवाले, जे 2022 पर्यंत वाटत होते, ते आता निधी मिळत नाही म्हणून विधानभवनाच्या पायऱ्यांवर. अन्याय फक्त आपल्या वाट्याला आला की दिसतो का?

रेवडीचंही, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्याचंही, तेच झालं. जुलै 2022 ला बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनात पंतप्रधान म्हणाले की रेवडी वाटायची संस्कृती देशाला घातक आहे. दोन वर्षांनी निवडणुकीच्या तोंडावर इथे त्यांच्याच युतीने लाडकी बहीण योजनेत बायकांना महिन्याला 1,500 सुरू केले आणि प्रचारात 2,100 म्हणाले. समोरचे तिजोरीवर बोजा पडेल म्हणत होते, त्यांनी जाहीरनाम्यात 3,000 लिहिले. बायकांना पैसे मिळण्याला माझा विरोध नाहीच, आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीची फी त्यातून गेलीय. माझा विरोध आहे तो दुसऱ्याचं दिलं की रेवडी आणि आपलं दिलं की विकास, या भाषेला.

"कामं अडवतात" याचं उत्तर वर आलंच, सगळेच अडवतात, ज्याची वेळ असेल तो.

"निधी हवा तर सत्तेच्या माणसाबरोबर राहा" हे वाक्य वाचून मात्र मला खरंच धक्का बसला, कारण लोक त्यावर अंगठे टाकत होते. अहो, याचा अर्थ काय होतो बघा. दुसऱ्याला मत दिलेल्या एरियातल्या माणसाने टॅक्स पूर्ण भरायचा आणि नाला मात्र तुंबलेलाच ठेवायचा? ठाण्यातल्याच दिवा भागातल्या माणसाच्या पाण्याची लाईन त्याने कुठलं बटण दाबलं यावर ठरणार? ही तर सरळ धमकी आहे आणि आपण ती कौतुकाने फॉरवर्ड करतोय. शिवाय ठाण्यात 2022 पासून आणि नवी मुंबईत 2020 पासून महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, त्या सगळ्या काळात गल्लीतल्या साध्या गटारासाठी पण लोकांना आमदाराच्या ऑफिसात जाऊन उभं राहावं लागलं. जे वॉर्ड ऑफिसातून हक्काने व्हायला पाहिजे ते साहेबांच्या मर्जीवर गेलं, आणि त्यालाच आपण "आणला" म्हणतो.

राहिलं "जगात सगळीकडे असंच". अर्धं खरंय. अमेरिकेत पण खासदार आपापल्या मतदारसंघासाठी पैसे टाकून घ्यायचे, 2011 ला ते बंद केलं आणि 2021 ला परत सुरू केलं. पण परत सुरू करताना अट घातली, की तिथल्या लोकसभेतल्या सदस्याने मागितलेलं प्रत्येक काम स्वतःच्या वेबसाईटवर टाकायचं आणि त्यात माझा किंवा कुटुंबाचा आर्थिक फायदा नाही असं लिहून द्यायचं. ढोंग तिकडेही आहेच, 2021 च्या मोठ्या पायाभूत सुविधा कायद्याच्या विरोधात मत देऊन नंतर त्याच पैशातल्या कामांचं श्रेय घेणारे निघाले. पण निदान कुणी काय मागितलं ते घरबसल्या वाचता येतं. आपल्याकडे दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2007 लाच सांगितलं होतं की खासदार-आमदार निधी बंद करा. 2010 ला सुप्रीम कोर्टाने योजना घटनेत बसते असं सांगितलं, म्हणजे ती कायदेशीर आहे, वाद नाही. पण आयोगाचं म्हणणं केंद्रातल्या कुठल्याच सरकारने मान्य केलं नाही, तेव्हाच्याही नाही आणि आत्ताच्याही नाही.

मी सोमवारी जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज देतोय, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. गेल्या पाच वर्षांत आमच्या मतदारसंघात निधीतून सुचवलेली कामं, मंजूर रक्कम, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख, एवढंच मागितलंय. उत्तराला 30 दिवस असतात. यादी आली की ज्या ग्रुपवर तो मेसेज आला त्याच ग्रुपवर जशीच्या तशी टाकेन, मग त्यात कुठल्याही पक्षाचं नाव असो. कळवा, कोपरखैरणे, नेरूळ, कुठूनही कुणाला आपल्या भागासाठी असाच अर्ज करायचा असेल तर सांगा, माझ्या अर्जाचा मजकूर पाठवतो.