झेडपी-नगरपालिकेत मुसलमानांचा वेगळा कोटा? मामांनी पाठवलेल्या मेसेजला उत्तर

आठवडाभर झाला आमच्याकडं तीन-तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. म्हणणं असं की झेडपी आन नगरपालिकेच्या भरतीत मुसलमानांना गुपचूप कोटा दिलाय, अल्पसंख्याकांसाठीच्या पंधरा कलमी कार्यक्रमातून तो सक्तीचा केलाय, अल्पसंख्याक आयोग वर बसून याद्या बदलून घेतो आणि म्हणून आपल्या लेकरांच्या जागा चालल्यात. माझ्या सख्ख्या मामांनी पण पाठवला. त्यांच्या पोरानं अभ्यासिकेत चार वर्षं घातलीत, त्यामुळं त्यांचा राग आला नाही, वाईट वाटलं. पण मामा, हे खोटंय, आणि कुठं खोटंय ते एकेक करून सांगतो.

आधी कोटा. आपल्या राज्याच्या नोकऱ्यांतलं आरक्षण २००१ च्या कायद्यात लिहिलेलंय. अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, ओबीसी १९, विमुक्त-भटक्यांचे चार गट मिळून ११, विशेष मागास २, झाले ५२. वर ईडब्ल्यूएसचे, म्हणजे आर्थिक दुर्बलांचे १० आन २०२४ पासून एसईबीसीचे, म्हणजे मराठा समाजाचे १०. आता यात धर्माचा रकाना दाखवा मला. जुलै २०१४ ला मुसलमानांतल्या काही मागास गटांसाठी ५ टक्क्यांचा वटहुकूम निघाला होता हे खरंय, पण त्याच नोव्हेंबरात हायकोर्टानं नोकऱ्यांपुरता तो थांबवला, पुढं कायदा झालाच नाही आणि वटहुकूम मुदत संपून गेला. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी ही मुसलमानांतली मंडळी ओबीसीत आहेत ना, म्हणाल. आहेत, पण जात म्हणून आहेत, जसे माळी आहेत, शिंपी आहेत, आणि त्याच १९ मधे आहेत, त्यांना वेगळं ताट नाही. उलट धर्म आडवा कुठं येतो ते बघा. अनुसूचित जातीचा १९५० चा आदेश आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, मुसलमान आन ख्रिश्चन आजपण बाहेरच आहेत. म्हणजे एकाच गटारात हिंदू आन मुसलमान दोघं सफाई कामगार उतरतात, काम तेच, घाण तीच, पण त्यातला मुसलमान मेहतर एससीचं सर्टिफिकेट मागू शकत नाही.

पंधरा कलमी कार्यक्रम २००६ चा, केंद्राचा. त्यानंतर केंद्रानं आपल्या खात्यांना सांगितलं की गट क आन ड च्या दहा किंवा जास्त जागा भरायच्या असतील तर निवड समितीत एक सदस्य अल्पसंख्याक आणि एक एससी-एसटीचा असावा. समितीत माणूस बसवला म्हणजे जागा राखून ठेवली असं होत नाही. आणि मुसलमानांची परिस्थिती बघायला केंद्रानं नेमलेल्या सच्चर समितीच्या २००६ च्याच अहवालात लोकसंख्येत १३.४ टक्के असलेले मुसलमान आयएएसमधे ३ टक्के आन आयपीएसमधे ४ टक्के निघाले होते. एवढा मोठा छुपा कोटा असता तर हे आकडे असे आले असते का?

आयोगाचं थोडक्यात. तो तक्रार ऐकतो, कागद मागवतो, शिफारस करतो. नेमणूक करायचा अधिकार त्याला नाही. झेडपीची बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याची नोंद, तपासतो तो विभागीय आयुक्तालयातला मागासवर्ग कक्ष, आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरला. २०२३ च्या झेडपी भरतीची परीक्षा आयबीपीएस या बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं कॉम्प्युटरवर घेतली, मार्कांवर यादी लागली, तिथं उमेदवाराचं नाव बघून मार्क द्यायला कुणी बसलेलं नव्हतं.

मग भेदभाव होतच नाही का? होतो, आणि मला खरं बोलायचंय ते यावरच. तो होतो एजन्सीच्या भरतीत. सफाई, घंटागाडीचे ड्रायव्हर, टँकर, कॉम्प्युटर ऑपरेटर, ही सगळी माणसं ठेकेदार आणतो, तिथं बिंदुनामावली नाही, जाहिरात नाही, परीक्षा नाही, सुपरवायझर म्हणेल तो आत. माझ्यासोबत टायपिंग केलेला एक दोस्त, मराठी ४० चं सर्टिफिकेट, एमएससीआयटी, एका कार्यालयात ऑपरेटरच्या जागेसाठी गेला तर आधी विचारलं कोणत्या गल्लीतला, त्यानं सांगितलं, मग म्हणे नंतर फोन करतो. फोन आला नाही. आन सफाई कामगारांच्या वाड्यातली जी पोरं बारावी झालीत त्यांना तीच एजन्सी टेबलाचं काम देत नाही, झाडू देते, कारण बाप झाडू मारत होता. हे बघायला पाहिजे होतं नगरसेवकांनी, सभेत उठून विचारायला पाहिजे होतं, पण संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० ला संपली आणि पुढं पाच वर्षांवर प्रशासकच होता, झेडपीची मार्च २०२२ ला संपली. मग विचारणार कोण होतं?

आणि मामा, जागा गेल्या कुठं ते पण ऐका. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च, ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की नगरपालिकेची नवीन कायम भरती अडते, मग रिटायर माणसाची जागा तशीच राहते आणि काम ठेक्यावर जातं. तुमच्या पोराची जागा ठेक्यात गेली, बागवान गल्लीत नाही गेली. माझ्या दोस्ताचीपण तिथंच गेली.

मी परवा आमच्या नगरपरिषदेत माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. चार गोष्टी मागितल्यात: एजन्सीचा कार्यादेश, कामगारांची संख्या प्रभागवार, कोणतं काम कुणाला, आणि पीएफ भरल्याची चलनं. तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. आलं की याच ग्रुपवर टाकतो, आन तुमच्या तालुक्याचा अर्ज लिहायचा असेल तर मामा, पोराला माझ्याकडं पाठवा, आपण सोबत बसून लिहू.