गळका पेट्रोल कॉक कसा निवडावा

परवा विलायतेहून पार्सल आलं. आत दोन नवेकोरे पेट्रोल कॉक, म्हणजे मोटरसायकलच्या टाकीखालचे पेट्रोलचे नळ, क्रोम असं की त्यात बघून दाढी करावी, आणि डब्यावर तो युनियन जॅक. त्याच संध्याकाळी बसवले, टाकीत दोन लिटर पेट्रोल ओतलं, दोन्ही कॉक बंद. सकाळी पार्किंगमध्ये उतरलो तर खालच्या मजल्यावरच्या काकू नाकाला पदर लावून उभ्या. तेव्हा म्हटलं, आपल्याकडे एवढं ज्ञान गोळा झालंय ते वाटून टाकू. ज्यांच्याकडे जुनी बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन, मॅचलेस असली काही ब्रिटिश मोटरसायकल आहे आणि कॉक बदलायचाय त्यांनी खालील मार्गदर्शनाचा जरूर लाभ घ्यावा.

सगळ्यात आधी, फक्त फोटो बघून घ्या. चकाकतोय ना? मग झालं. आत पितळ आहे की जस्ताचं ओतकाम हे विचारणं म्हणजे समोरच्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेणं, आणि आपण काही तसले लोक नाही. आट्यांच्या कडेला, जिथे क्रोम पोचलेलं नसतं तिथे टोकदार काहीतरी घासून बघितलं तर पितळ पिवळं दिसतं आणि जस्त राखाडी, पण तुम्ही असलं काही करू नका, उगाच मूड जातो. हातात घेतल्यावर जुन्या कॉकपेक्षा हलका लागला तर समजा टेक्नॉलॉजी पुढे गेली. पुढे कधीतरी पाना लावल्यावर त्याची मान मोडून आटे टाकीतच राहतील, मग ते काढायला टाकी उतरवा, पेट्रोल काढा, धुवा, वाफ जाईपर्यंत थांबा, आणि मग रंग न उडवता ते कोरून काढणारा माणूस शोधा. पुण्यात नाना पेठेत, स्पेअरच्या दुकानांत विचारा. ते तुम्हाला नवीन टाकी घ्यायला सांगतील.

आता साईज. बहुतेक या गाड्यांच्या टाकीला पाव इंच बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे असतात. तुम्ही पट्टी घेऊन पाव इंच शोधायला जाल तर कुठेच सापडणार नाही, कारण हे पाइपाचं माप आहे, पाव इंच म्हणजे कोणे एके काळी त्या पाइपाचं आतलं भोक. बाहेरून आट्यांवर व्हर्नियर लावला तर 13.16 मिमी येतं आणि इंचाला 19 आटे. हे इंग्रजांचं डोकं. गंमत म्हणजे आपल्या बाथरूमचे नळसुद्धा याच बीएसपी घराण्यातले, त्यामुळे प्लंबिंगच्या दुकानात पाव इंच बीएसपी म्हटलं की पोऱ्या एका सेकंदात काढून देतो, आणि मोटरसायकलच्या स्पेअरवाल्याला म्हटलं की तो म्हणतो ‘कुठल्या गाडीचा पाहिजे, स्प्लेंडर की पल्सर?’ तरी विक्रेत्याने ‘युनिव्हर्सल’ लिहिलेलं असेल तर डोळे मिटून घ्या. 12 मिमीचा कॉक त्या भोकात खुळखुळतो, पण त्यावर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली की छान घट्ट वाटतो. नंतर त्या टेपचे धागे सुटून कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये, म्हणजे गाडी उभी असताना पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात, जाऊन बसतात आणि गाडी फक्त सिग्नलला बंद पडते. तेवढाच व्यायाम.

वायसर मागू नका. हे आटे सरळ असतात, नुसते आवळून ते पेट्रोल अडवत नाहीत, त्यांना खाली वायसर लागतोच, लोखंडी कडं आणि आत चिकटवलेलं रबर, ज्याला डाउटी वायसर म्हणतात तो. किंमत चिल्लर. म्हणून तर तो पाकिटात टाकत नाहीत. आणि टाकला तरी त्याची जाडी अशी निवडतात की कॉक पूर्ण आवळला की खटका नेमका सिलिंडरकडे तोंड करून बसतो, मग चालत्या गाडीवर रिझर्व्हला लावायचं म्हणजे डाव्या मांडीखालून हात घालून सिलिंडरच्या तापलेल्या फिन्सवर (पात्यांवर) बोटं भाजून घ्यायची.

रिझर्व्हवरून आठवलं. ज्या टाकीला दोन कॉक असतात तिथे एक मेन आणि एक रिझर्व्ह. मेनच्या कॉकला टाकीच्या आत उभी नळी असते, पेट्रोल त्या नळीच्या खाली गेलं की गाडी गचके खाते, मग दुसरा उघडायचा, तो तळातून ओढतो. इतकं सोपं. शाळेतल्या पोराला सांगितलं तर कळेल. म्हणून विक्रेते तुम्हाला दोन्ही एकसारखे पाठवतात. दोन्ही नळीवाले आले तर तळातलं पेट्रोल फक्त टाकीच्या शोभेला, दोन्ही बिननळीचे आले तर ताम्हिणी घाटात एकदम टाकी कोरडी आणि रेंज पण नाही. दोन्ही प्रकारांत आनंद आहे, ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

जाळी नसली तरी चालेल, टाकीतला गंज म्हणजे वारसा आहे.

‘हाय फ्लो’ असं लिहिलेलं असेल तर दुप्पट पैसे द्या. आता गाडी लिटरला 20 धरली आणि ताशी 60 ने चालवली (आणि या वयात, गाडीच्या म्हणतोय, त्याच्या वर कोण जातंय), तर तासाला 3 लिटर, म्हणजे मिनिटाला 50 मिली. कफ सिरपची अर्धी बाटली. एवढं पेट्रोल कुठलाही फालतू कॉक मिनिटभरात सहज सोडतो, अहो बंद केल्यावरसुद्धा सोडतो, तोच तर प्रॉब्लेम आहे.

तर मुख्य विषय, सील. इथे तुमच्यासमोर समृद्ध पर्याय आहेत. पहिला, परंपरा. जुने एवार्ट्स कंपनीचे कॉक, ढकला-ओढा पद्धतीचे, आत बुचाचा तुकडा. बूच म्हणजे झाडाची साल हो, बाटलीला लावतात तेच. ते पेट्रोलने ओलं राहिलं तर फुगून राहतं आणि खरंच छान अडवतं, इतक्या वर्षांपूर्वी इतक्या साध्या वस्तूवर लाखो गाड्या चालल्या. पण गाडी चार महिने उभी राहिली की ते वाळतं, आकसतं, आणि मग थेंब थेंब. जुने लोक ते काढून कोमट पाण्यात भिजवायचे आणि परत बसवायचे, बसतंही. म्हणजे परंपरा पाळायची तर गाडी रोज चालवा, ते काही आपल्याच्याने होत नाही, मग दुसरा पर्याय, आधुनिक. खटक्याचा कॉक, आत रबरी चकती किंवा ओ-रिंग. आणि हे रबर कसलं? कोणाला माहिती? कुणीच लिहीत नाही! फोटोखाली ‘उच्च दर्जाचं सील’ एवढंच. अहो रबर म्हणजे काय एकच वस्तू आहे का? साधं नायट्राइल असेल तर नुसत्या पेट्रोलमध्ये वर्षानुवर्षं टिकेल, पण आता नुसतं पेट्रोल आहे कुठे, इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल, तिथे निदान महागड्या पेट्रोलमध्ये 5 टक्क्यांची सोय ठेवलीय, आणि आपल्याकडे 2025 पासून पंपावर जाल तिथे 20 टक्के, विचारायची सोय नाही, ‘साहेब सगळीकडे तेच येतं’. त्यात हलकं रबर फुगतं, मऊ होतं, खटका फिरवला की चकतीचं भोकच सरकतं, आणि मग उन्हात गाडी उभी राहून वाळली की तेच रबर आकसून कडक. पेट्रोलचा पारदर्शक पाइप आठ महिन्यांत काडीसारखा कडकन मोडतो तो वेगळाच. व्हिटॉनचं, म्हणजे इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराचं, सील लावलं तर हे सगळं टळतं, व्हिटॉन काही चंद्रावरून आणावं लागत नाही, त्याच्या ओ-रिंगा आपल्याकडे इंडस्ट्रियल सीलच्या दुकानात सुट्ट्या मिळतात, माप घेऊन जा आणि घेऊन या. म्हणजे ज्या माणसाने पाच हजाराच्या वर रुपये घेऊन मला कॉकची जोडी पाठवली, त्याला तीस-चाळीस रुपयांची योग्य रिंग घालता आली नाही. वर कस्टम्सने घेतले ते वेगळे, कुरियरवाल्याने केवायसीच्या नावाखाली जो छळ केला त्यावर स्वतंत्र लेख होईल.

बरं, मी त्याला लिहिलं. सभ्यपणे लिहिलं. फोटो, व्हिडिओ, कॉक बंद असताना नळीतून पडणारा थेंब, खाली स्टीलची वाटी, सगळं पाठवलं. उत्तर काय यावं? ‘नवीन आहे, बसेल हळूहळू. थोडं वापरून बघा.’ थोडं वापरून बघा! पेट्रोल आहे ते!

मित्रांचे सल्लेही आवर्जून घ्या. एक म्हणेल बुलेटचा लाव, बुलेटपण मूळची इंग्लंडातल्या रेडिचचीच की. दुसरा म्हणेल बुधवारी जुन्या बाजारात जा, तिथे ओरिजिनल मिळतो, आणि तिथे खरंच मिळतो, फक्त तो ज्या कारणासाठी कुणीतरी काढून टाकला होता ते कारणही त्याच्यासोबत मिळतं. तिसरा, हा हमखास असतोच, मिशीवर हात फिरवत म्हणेल, ‘अरे ब्रिटिश गाडी आहे, गळायचीच. गळत नसेल तर समज संपलंय. कॅरेक्टर आहे ते.’

या तिसऱ्या माणसाशी मला बोलायचंय.

दादा, गळतं ते ऑइल. ऑइल गळलं की फरशीवर डाग पडतो, बायको बोलते, खाली पुठ्ठा टाकायचा, विषय संपला. त्याच्यावर तुमचे विनोद चालतात. पेट्रोलवर चालत नाहीत. कॉक बंद होत नाही म्हणजे रात्रभर सगळी जबाबदारी कार्ब्युरेटरमधल्या त्या टीचभर फ्लोटच्या सुईवर, जी आतलं पेट्रोल भरलं की वाट बंद करते, आणि ॲमल कार्ब्युरेटरची सुई किती विश्वासू असते ते तुम्हालाही माहितीय. ती जरा अडकली की पेट्रोल एकतर टिकलरमधून (कार्ब्युरेटरवरच्या दाबायच्या बटणातून) बाहेर, गरम इंजिनावर, नाहीतर आत सिलिंडरमध्ये, तिथून रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या तळाशी. ड्राय संप आहे, ऑइल इंजिनाच्या तळाशी न साठता वेगळ्या टाकीत असतं, म्हणजे सकाळी किक मारली की पंप ते सगळं उचलून इमानदारीत ऑइलच्या टाकीत नेऊन टाकणार. आता पातळ झालेलं ते ऑइल माझ्या बीएसए गोल्डन फ्लॅशच्या क्रँकशाफ्टच्या टायमिंग साईडच्या बुशला जाणार, तिथे बेअरिंग नाही, साधा बुश आहे, आणि त्याच्यातूनच पुढे बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला) ऑइल जातं. बुश गेला की बिग एंड उपाशी. एका चकतीपायी अख्खं इंजिन. आणि हे झालं गाडीचं. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये, जिथे पलीकडे विजेचे मीटर आहेत आणि कोण कधी बिडी पेटवून येईल सांगता येत नाही, तिथे रात्रभर पेट्रोल ठिबकतंय याला तुम्ही कॅरेक्टर म्हणता? काकू नाकाला पदर लावून उभ्या होत्या ते बरोबरच होतं. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आणि बनवणाऱ्यांनो, विकणाऱ्यांनो, तुम्हाला. पेट्रोल कॉकला काम दोन. सोडणं आणि अडवणं. सोडायला नुसतं भोक पुरतं. म्हणजे पैसे आम्ही अडवण्याचे देतो. ते होतंय की नाही हे बघायला लॅब लागत नाही, कॉक बंद करून एका टोकाला रबरी नळी लावायची आणि तोंडाने ओढायचं, जीभ नळीला चिकटून राहिली तर पास, हवा आली तर फेल. दहा सेकंद लागतात. एवढं न करता तुम्ही तो डब्यात घालता, वर झेंडा छापता आणि ‘एकदा बसवलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी ओळ टाकता. अरे न बसवता कळणार कसं, पत्रिका बघून? लाज वाटत नाही? ऐंशी वर्षांपूर्वी झाडाच्या सालीत जे जमत होतं ते तुम्हाला सीएनसी मशीन असून जमत नाही, कारण तुम्हाला माहितीय की हे म्हातारे आणि हे हौशी लोक भांडणार नाहीत, कुरियरचा खर्च बघून गप्प बसतील आणि दुसरीकडून दुसरा मागवतील.

भांडा रे. पैसे परत मागा, बँकेकडे तक्रार टाका, फोटोसकट नाव घेऊन चारचौघात सांगा. कॉक आला की आधी ओढून बघा, मगच आटे लावा. आणि ज्याला कुणाला ‘थोडं गळतंच’ असं म्हणावंसं वाटेल, त्याने आज रात्री गाडी माझ्या पार्किंगमध्ये नको, स्वतःच्या बेडरूममध्ये लावावी.