तंत्रस्नेही मास्तर

केंद्रावरच्या प्रशिक्षणात आम्हाला फ्लिप्ड क्लासरूम शिकवली. शिकवणं व्हिडिओतून घरी, गृहपाठ वर्गात. २००७ साली अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी गैरहजर मुलांसाठी आपले तास चित्रित करायला घेतले, तिथून हे सुरू झालं म्हणे. त्यांची पोरं सामने खेळायला जायची. आमची कांदे काढायला जातात, आणि फोन बापाच्या खिशात असतो.

पण 'तंत्रस्नेही' म्हणून माझं नाव आधीच वर कळवलेलं. सुटका नव्हती. रात्री स्वयंपाकघरात साबुदाण्याच्या डब्याला फोन टेकवला, आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि घामाघूम होत आठवीची एकसर आणि समांतर जोडणी सुरू केली. "विद्युतधारा म्हणजे..." म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली. पुन्हा सुरुवात केली, तर बाहेरून सौ., "अहो, तिथंच आहात तर गॅस बारीक करा!" शेवटी शिट्टीसकट व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर टाकला. उत्तरादाखल भरपूर अंगठे, गुलाबाची फुलं आणि एक प्रश्न, "सर, शिष्यवृत्ती कधी जमा होणार?"

सकाळी वर्गात विचारलं, "व्हिडिओ कुणी पाहिला?"

"फोन पप्पांकडं, पप्पा रात्रपाळीला."

"दादानं रील बघून नेट संपवलं."

"मी पाहिला! सर, तुमच्याकडं डाळीला किती शिट्ट्या लागतात?"

म्हटलं, पुस्तकातला क्यूआर कोड तरी स्कॅन करू. पाठ्यपुस्तकांत असे कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. आमच्या पोरांनी त्याच कोडातले पांढरे चौकोन निळ्या पेनानं, रेषेबाहेर जराही न जाता, भरून काढलेत. इतकी सुबक आकृती विज्ञानाच्या वहीत कधी दिसली नाही.

व्हिडिओ मन लावून पाहिला तो एका पोराच्या आज्जीनं. फाटकाशी गाठून म्हणाली, "गुरुजी, गणपतीच्या माळेतला एक बल्ब गेला की अख्खी माळ का जाती, ते आत्ता कळलं. घरातलं वायरिंग समांतर, म्हणून न्हाणीतला दिवा गेला तरी देवघरातला राहतो. बिल तेवढं एकसर येतंय बघा!"

मग वर्गातच सेल, वायरी आणि बल्ब वाटले. इथं मात्र पद्धतीला दाद द्यावी लागते. एरवी मागच्या बाकावर पेंगणारा, वायरमनचा पोरगा दातांनी वायर सोलून सगळ्यांना जोडण्या करून देत होता. बल्ब पेटला की आरोळी. मी भिंतीला टेकून नुसता उभा.

गोंगाट ऐकून मुख्याध्यापक आले. सगळं बघितलं, मला हळूच बाजूला घेतलं.

"चांगलं चाललंय. पण उद्या केंद्रप्रमुख येणार आहेत. तेवढा एक दिवस खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहा, म्हणजे शिकवताय असं वाटेल."