गर्भाशयाला वर्ण नसतो. संमतीपत्राला भाषा असते

‘गर्भाशयाला ना वर्ण असतो ना वर्ग, आरोग्यसेवा सर्वांना सारखी द्या आणि आंतरछेदितेचे विद्यापीठीय चोचले बाजूला ठेवा,’ अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. आंतरछेदिता म्हणजे लिंग, वंश, वर्ग असे अनेक भेद एकाच माणसात एकत्र आल्यावर होणारा वेगळाच अन्याय ओळखण्याची दृष्टी. त्या मजकुरामागची समतेची ओढ प्रामाणिक असेलही. युक्तिवाद मात्र कच्चा आहे.

शरीर सर्वांचे सारखेच, हा त्यातला पहिला मुद्दा. पण दवाखान्यात नुसते गर्भाशय येत नाही, माणूस येतो. जानेवारी २००१ मध्ये हंगेरीतील रोमा या वंचित अल्पसंख्याक समाजातील एका स्त्रीला प्रसूतिवेदना आणि रक्तस्राव सुरू झाल्यावर रुग्णवाहिकेतून रुग्णालयात आणले गेले. पोटातले बाळ दगावले होते. शस्त्रक्रियेआधी तिच्यापुढे जे संमतीपत्र आले, त्यात डॉक्टरांनी हाताने, जेमतेम वाचता येईल अशा अक्षरांत, नसबंदीच्या विनंतीचे वाक्य घातले होते, आणि नसबंदीसाठी वापरलेला लॅटिन वळणाचा शब्द तिला ठाऊकच नव्हता. रुग्णवाहिका पोहोचल्यापासून बाळ काढण्याची आणि नसबंदीची अशा दोन्ही शस्त्रक्रिया उरकेपर्यंत अवघी १७ मिनिटे गेली. घरी जाण्यापूर्वी तिने डॉक्टरांना विचारले, पुढच्या मुलाचा विचार कधी करता येईल? तेव्हा कुठे तिला त्या शब्दाचा अर्थ कळला. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००६ मध्ये हंगेरीने तिच्या हक्कांचा भंग केल्याचा निर्णय दिला. सही तर तिचीही रीतसर घेतलेली होती.

‘हा सारा गरिबीचा प्रश्न आहे, शिक्षण आणि पैसा आला की फरक मिटतो,’ असेही त्या मजकुरात म्हटले आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ ते २०१६ या काळातील गर्भारपणाशी संबंधित मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमधील मृत्युदर पदवीधर गौरवर्णीय स्त्रियांच्या ५.२ पट निघाला. इतकेच नव्हे, तर शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गौरवर्णीय स्त्रियांपेक्षाही तो जास्त होता. केवळ वर्गाच्या हिशेबात हा आकडा बसत नाही.

आंतरछेदिता म्हणजे अन्यायांची बेरीज, ज्याची बेरीज मोठी तो पुढे, हा समज तर मूळ मांडणी न वाचल्याचा पुरावाच आहे. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये ही संज्ञा मांडताना जनरल मोटर्सविरुद्धच्या एका खटल्याचा दाखला दिला. तेथे कृष्णवर्णीय स्त्रियांची वंश आणि लिंग यांवर एकत्रितपणे आधारलेली तक्रार ऐकण्यास न्यायालयाने १९७६ मध्ये नकार दिला होता. कंपनीत स्त्रिया होत्या, पण त्या गौरवर्णीय. मुद्दा बेरजेचा नव्हताच. ‘स्त्री’ आणि ‘कृष्णवर्णीय’ हे दोन्ही रकाने वेगवेगळे तपासूनही ज्या दिसत नाहीत, त्यांचा होता.

राहता राहिली ‘सारखी सेवा’. तपासणीचे टेबल एकाच उंचीचे असले की चाकाच्या खुर्चीवरील स्त्रीची तपासणी बहुधा टळते, हे सांगायला सिद्धान्त लागत नाही. इंग्लंडमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचे बोलावणे नोंदीत ‘स्त्री’ असलेल्यांना आपोआप जाते. एखाद्या पारलिंगी पुरुषाला (जन्मवेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्या, पण पुरुष म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला) गर्भाशयमुख असूनही त्याची नोंद ‘पुरुष’ अशी असेल, तर त्याच्या घरी ते पत्र आपोआप येत नाही. तपासणी स्वतःहून मागून घ्यावी लागते.